सनद टिकली ती करामुळे

संपादक महोदय,

मॅग्ना कार्टा या हक्कांच्या सनदेने १२१५ मध्ये इंग्लंडच्या राजाला कायमची वेसण घातली, असे सर्रास छापले जाते. प्रत्यक्षात ती सनद जेमतेम दहा आठवडे टिकली. ऑगस्टमध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने ती रद्दच केली. राजावर २५ सरदारांची देखरेख बसवणारे ६१वे कलम पुढच्या आवृत्त्यांतून गळाले ते गळालेच. रुजली ती १२२५ची सनद. तीही तिसऱ्या हेन्रीने जंगम मालमत्तेच्या पंधराव्या हिश्शाच्या कराबदल्यात दिलेली! राजा नमला तो रिकाम्या तिजोरीपुढे.

प्राचीन इजिप्तमध्येही फारो (राजा) तिसऱ्या रामसेसच्या २९व्या राज्यवर्षी राजांची थडगी खोदणाऱ्या देर अल-मदिनाच्या कारागिरांनी धान्यरूपी वेतन थकल्यावर काम थांबवून देवळांपाशी ठाण मांडले. फारोंच्या लढायांवर रकाने भरताना या संपालाही चार ओळी द्याव्यात.

– एक वाचक