पन्नास हजारांची वाट दोन कोटींहून लांब का?

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई – ४०० ०३२

विषय : मुंबईतील शाळा व युवक उपक्रमांना लहान रकमेचे अनुदान मिळवताना येणाऱ्या अडचणी

महोदय,

विक्रोळी पूर्वेकडील एका अनुदानित मराठी शाळेत मी ३१ वर्षे शिकवले, त्यांपैकी शेवटची सहा वर्षे मुख्याध्यापिका म्हणून. निवृत्त झाल्यावर त्याच शाळेच्या संस्थेचे कार्यवाहपद माझ्याकडे आले आणि तेव्हापासून आमच्या भागातल्या लहान शाळांचे मुख्याध्यापक, गणेशोत्सव मंडळांचे कार्यकर्ते, संध्याकाळची अभ्यासिका चालवणारी पोरे असे बरेच जण कागदांची पिशवी घेऊन माझ्या घरी येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, “बाई, अनुदान कुठून मिळेल?” हे पत्र आमच्या शाळेसाठी पैसे मागण्याकरिता नाही. पैसे आहेत, पण ते कुठे आहेत हे ज्यांना आधीपासून ठाऊक आहे त्यांनाच ते मिळतात, आणि रक्कम जितकी लहान तितकी ती मिळवणे अवघड, एवढेच आपल्यासमोर मांडायचे आहे.

एक उदाहरण तपशिलाने सांगते. आमच्या प्रयोगशाळेतल्या ओट्यांवरचे तीन नळ आणि दोन बेसिने निकामी झाली होती. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला मुली खालच्या मजल्यावरून बादलीने पाणी आणत असत. प्लंबर, फरशीवाला आणि नवे साहित्य धरून खर्च ४६ हजार रुपये निघाला. एका मोठ्या कंपनीच्या सामाजिक निधीची माहिती कुणीतरी दिली, म्हणून आम्ही तिचा अर्ज मागवला. चौदा पानांचा तो अर्ज इंग्रजीत होता, आणि त्यात एक रकाना असा होता की, या प्रकल्पामुळे पाच वर्षांत किती लाभार्थ्यांच्या जीवनमानात मोजता येईल असा बदल घडेल ते लिहावे. आमच्या विज्ञानाच्या सरांनी पेन्सिलीने लिहून ठेवले, “नळाला पाणी येईल.” शेवटी त्या जागी आम्ही पाऊण पान मजकूर लिहिला, तो लिहिताना आम्हा दोघांनाही जरा लाजच वाटत होती. अर्जाला होकार आला नाही, नकारही आला नाही.

कंपन्यांवर माझा राग नाही. कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांहून कमी नाही, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामावर खर्च करावी लागते. शिक्षण हा त्या कामांच्या यादीतला ठळक विषय आहे आणि आपण जिथे काम करतो त्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही कायदा सांगतो. या खर्चाच्या राज्यवार आकडेवारीत महाराष्ट्र वर्षानुवर्षे अग्रस्थानी आहे, आणि देशातल्या कितीतरी बड्या कंपन्यांची मुख्य कार्यालये आमच्या शाळेपासून लोकलने अर्ध्या-पाऊण तासावर आहेत. पण कंपनीच्या अधिकाऱ्याच्या बाजूने पाहिले तर ४६ हजारांची फाइल तपासायला जितका वेळ लागतो, तितकाच ४६ लाखांच्या फाइलला लागतो. मग त्याने लहान फाइल का उघडावी? ही दरी कंपनी भरून काढणार नाही. ते काम शासनाचे आहे.

आता कागदांविषयी. आमच्यासारख्या संस्थेकडे सार्वजनिक न्यास नोंदणीचे प्रमाणपत्र, परिशिष्ट एकचा (न्यासाच्या नोंदवहीचा) उतारा, विश्वस्त बदलल्याची नोंद करणाऱ्या बदल अर्जाचा आदेश, तीन वर्षांचे परिशिष्ट आठ आणि नऊसह (ताळेबंद व जमाखर्चासह) लेखापरीक्षण अहवाल, पॅन, आयकराची, करसवलतीसाठीची १२ ए आणि ८० जी नोंदणी (जी २०२१ पासून ठरावीक मुदतीने नव्याने करून घ्यावी लागते), कंपन्यांचा सामाजिक निधी घेण्यासाठी लागणारा कंपनी व्यवहार मंत्रालयाकडील सीएसआर-१ क्रमांक, स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचा नीती आयोगाचा दर्पण क्रमांक आणि शाळेची सरकारी ओळख असलेला ११ अंकी यूडायस क्रमांक एवढे सगळे एकाच वेळी चालू स्थितीत असावे लागते. यातला एकही कागद अनावश्यक आहे असे मी म्हणणार नाही. आमचे दोन विश्वस्त वारल्यावर बदल अर्ज वेळेत दाखल करायला आम्हीच विसरलो आणि त्या एका चुकीमुळे पुढचे दीड वर्ष आम्ही कुठेच अर्ज करू शकलो नाही. चूक आमची होती, हे मान्य करते. मात्र ज्या संस्थेकडे पगारी लेखापाल आहे, तिच्याकडून अशी चूक होत नाही, आणि जिचा हिशेब एखादे निवृत्त शिक्षक घरच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहितात, तिच्याकडून हमखास होते. शिवाय अर्ज ज्याच्याकडे करायचा तो प्रत्येक जण हा सगळा गठ्ठा पहिल्यापासून, साक्षांकित करून, पुन्हा मागतो.

शासनाच्या स्वतःच्या योजनांकडे वळते. समग्र शिक्षा अभियानातून पटसंख्येनुसार संयुक्त शाळा अनुदान मिळते. पट ३० पर्यंत असल्यास १० हजार रुपये, आणि हजारापुढे गेल्यास १ लाख. योजना चांगली आहे, पण ती शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांसाठी आहे. मुंबईत माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खासगी अनुदानित शाळांनी उचललेला आहे. त्यांना शिक्षकांचे वेतन मिळते आणि वेतनेतर अनुदान म्हणून जे येते त्यात वीजबिल, खडू, झाडू आणि पावसाळ्यातली गळती यांचा मेळ बसवावा लागतो. फी वाढवणे हा मार्ग आमच्या पालकांपुढे ठेवता येत नाही. केंद्राच्या विद्यांजली संकेतस्थळावर २०२१ पासून अनुदानित शाळांनाही गरज नोंदवता येते, परंतु तिथे वस्तू किंवा सेवा मिळते, रोख नाही. आम्हाला प्लंबरची मजुरी द्यायची होती.

मुलांना स्वतः प्रयोग करून पाहता यावेत यासाठीच्या केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब या प्रयोगशाळा योजनेचे नाव घेतल्याशिवाय हा विषय पूर्ण होत नाही. निवडलेल्या शाळेला २० लाख रुपये मिळतात, आणि त्यासाठी हजार ते दीड हजार चौरस फुटांची जागा लागते. मुंबईच्या शाळेत एवढी जागा म्हणजे दोन-तीन वर्ग. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळेने ते वर्ग कुठे हलवायचे, याचे उत्तर मला अद्याप कुणी दिलेले नाही.

आपल्या विभागाने सप्टेंबर २०२३ मध्ये दत्तक शाळा योजना आणली. तीनुसार मोठ्या महापालिकांच्या क्षेत्रात पाच वर्षांसाठी २ कोटी किंवा दहा वर्षांसाठी ३ कोटी रुपये मूल्याची मदत करणाऱ्या देणगीदाराचे नाव त्या मुदतीपुरते शाळेला जोडता येते. यावर पुष्कळ वाद झाला. माझा आक्षेप थोडा वेगळा आहे. देणगीदाराचे नाव शाळेत लागणे मुंबईला नवे नाही. १८४९ मध्ये गिरगावात मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्यात जागा देणाऱ्या जगन्नाथ शंकरशेट यांच्यापासून या शहरातल्या शाळा दात्यांच्याच आधारावर उभ्या राहिल्या. आमच्या शाळेतल्या सहावीच्या वर्गात आजही एक जुना पंखा आहे. त्याच्या तिन्ही पात्यांवर लाल रंगात “कै. … यांच्या स्मरणार्थ” असे लिहिले आहे आणि पंखा बंद असला तरच ते वाचता येते. गिरणीत काम करणाऱ्या एका वडिलांनी तो पंखा दिला होता. आमच्याकडे पंख्याला भाव होता, बाकाला होता, घड्याळालाही होता. शासनाने मात्र भाव ठरवला तो दोन कोटींपासून पुढे. ज्याला ५० हजार द्यायचे आहेत तो दाता आणि ज्याला ५० हजार हवे आहेत ती शाळा, या दोघांची गाठ घालून देणारा एकही शासन निर्णय माझ्या पाहण्यात नाही. “मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा” अभियानात ५१ लाखांपर्यंतची पारितोषिके ठेवली होती, आणि त्यात अनुदानित शाळांनाही भाग घेता आला, हे चांगलेच झाले. पण स्पर्धेतले पारितोषिक जिंकणाऱ्याला मिळते. जिच्या भिंतीला ओल आहे ती शाळा सुंदरतेच्या स्पर्धेत उतरणार कशी?

शाळा सुटल्यानंतरच्या वेळाबद्दलही लिहायला हवे, कारण आमच्या वस्तीत अडचण खरी तिथे सुरू होते. दहा बाय बाराच्या घरात पाच माणसे असतात, त्यामुळे दहावीची मुले रात्री मंडळाच्या कार्यालयात अभ्यासाला बसतात. तिथे एका वेळी बावीस मुले मावतात, म्हणून त्यांनी आपसात दोन पाळ्या लावून घेतल्या आहेत, आणि नऊ वाजता पाळी बदलताना दाराबाहेर चपलांचा जो ढीग होतो तो पाहण्यासारखा असतो. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडून सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ क खाली परवानगी घेऊन उत्सवाची वर्गणी गोळा करते आणि उरलेल्या पैशांत अभ्यासिकेचे वीजबिल भरते. या मुलांनी अनुदानासाठी चौकशी केली तेव्हा क्रीडा विभागाच्या व्यायामशाळा विकास आणि क्रीडांगण विकास या योजनांची माहिती हाती आली. व्यायामशाळा हवी असती तर वाट होती. अभ्यासिका, वाचनालय, पथनाट्याचा गट किंवा संगणकाचा वर्ग चालवणाऱ्या लहान गटाला अशी सरळ वाट सापडत नाही. पूर्वी नगरसेवकाकडे जाऊन निदान टेबल-खुर्च्या मागता येत. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपून प्रशासक आल्यावर तेही दार बराच काळ बंद राहिले.

एक गोष्ट मला गमतीची वाटते. मंत्रालयात शालेय शिक्षण व क्रीडा हा विभाग एकच आहे, मंत्री मात्र दोन. सकाळी वर्गात बसणारा आमचा पंधरा वर्षांचा मुलगा आपला, आणि संध्याकाळी सात वाजता अभ्यासिकेचे कुलूप उघडणारा तोच मुलगा आपल्या सहकारी मंत्र्यांचा. फाइल त्याला ओळखत नाही.

काय करता येईल, हे माझ्या अनुभवाच्या आधारे लिहिते. मुंबई शहर आणि उपनगर या दोन जिल्ह्यांत शाळांना आणि युवक गटांना खुल्या असलेल्या सर्व योजनांची, मग त्या राज्याच्या असोत, केंद्राच्या असोत, जिल्हा नियोजन समितीच्या असोत की आमदार-खासदार निधीतल्या, मराठीतली एकच यादी दरवर्षी जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रसिद्ध व्हावी. तीत रक्कम, पात्रता, शेवटची तारीख आणि अर्ज स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनाम असावे. आज ही माहिती वेगवेगळ्या संकेतस्थळांवर विखुरलेली आहे आणि पुष्कळदा शेवटची तारीख उलटून गेल्यावर, फेब्रुवारी-मार्चच्या घाईत, व्हॉट्सॲपवर फिरत आमच्यापर्यंत येते.

दुसरे असे की, संस्थेची कागदपत्रे वर्षातून एकदा तपासून यूडायस क्रमांकाशी जोडून ठेवावीत, म्हणजे शासनाच्या कोणत्याही कार्यालयाने ती पुन्हा मागू नयेत. कंपन्यांनाही ती तिथेच पाहू द्यावीत. यासाठी नवे संकेतस्थळ काढू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे, कारण प्रत्येक नव्या संकेतस्थळाबरोबर आमच्या लिपिकाच्या वहीत आणखी एका पासवर्डची भर पडते.

सर्वांत महत्त्वाची मागणी लहान अनुदानाची आहे. एक लाखापर्यंतच्या मागणीसाठी तीन पानांचा मराठी अर्ज असावा, पंचेचाळीस दिवसांत होकार किंवा कारणासह लेखी नकार मिळावा आणि ही सेवा महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित करावी, म्हणजे उत्तर न देणे हेच उत्तर समजण्याची पद्धत थांबेल. मुंबईत दक्षिण, उत्तर आणि पश्चिम असे तीन शिक्षण निरीक्षक आहेत. प्रत्येकाच्या कार्यालयात आठवड्यातून एक दिवस अर्ज भरायला मदत करणारी एक व्यक्ती बसली तरी निम्मे काम होईल. तिला इंग्रजी अर्ज वाचता यावा आणि ताळेबंद समजावा, एवढीच पात्रता पुरे.

लहान रकमांचा हिशेब कोण ठेवणार, गैरवापर झाला तर काय, अशी शंका आपले अधिकारी काढतील. ती रास्त आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे अनुदानित शाळांतही शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात. अनुदानाची रक्कम, खर्चाची बिले आणि कामाचा फोटो समितीच्या सहीने शाळेच्या फलकावर महिनाभर लावणे बंधनकारक करावे. विक्रोळीतल्या पालकांना पाइपचा भाव माहीत असतो. त्यांच्यापैकी काही जण स्वतःच प्लंबर आहेत.

आमचे नळ शेवटी बसले. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचने व्हॉट्सॲप गटावर आवाहन केले आणि नऊ दिवसांत पैसे जमले. मला आनंद झाला, पण त्याच आठवड्यात पलीकडच्या वस्तीतल्या शाळेचे मुख्याध्यापक माझ्याकडे आले होते. त्यांच्या शाळेला अजून वीस वर्षेही झालेली नाहीत. त्यांचे माजी विद्यार्थी आज नाक्यावर कामाची वाट पाहत उभे असतात किंवा डिलिव्हरीच्या पिशव्या घेऊन फिरतात. वर्गणी कुणाकडे मागायची, असे त्यांनी मला विचारले. त्यांच्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला कडी नाही.

त्या शाळेचा अर्ज आम्ही दोघे मिळून तयार करत आहोत. आपल्या विभागातला एखादा अधिकारी शनिवारी दुपारी आमच्यासोबत बसायला तयार असेल, तर गठ्ठा कुठे अडतो ते मी कागद उलटून दाखवू शकेन. शनिवारी शाळा बारापर्यंत असते, त्यानंतर कार्यालय रिकामे असते.

आपली विश्वासू,
कार्यवाह व माजी मुख्याध्यापिका,
एक अनुदानित मराठी शाळा, विक्रोळी (पूर्व), मुंबई

प्रत माहितीसाठी : मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री, महाराष्ट्र राज्य