‘शुगर’ म्हणजे नेमके काय, ते छापताना स्पष्ट व्हावे

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या आरोग्यविषयक पानावर मधुमेहासंबंधी सातत्याने आणि कळकळीने लिहिले जाते, त्याबद्दल प्रथम आपले आभार मानतो. मात्र या लेखनात ‘शुगर’ हा शब्द ज्या सैलपणाने वापरला जातो, त्याकडे आपले लक्ष वेधणे मला गरजेचे वाटते. एकाच लेखात तो एकदा वाण्याकडच्या साखरेसाठी येतो, पुढच्या परिच्छेदात रक्तातल्या ग्लुकोजसाठी, मग बिस्किटाच्या पुड्यावर छापलेल्या आकड्यासाठी आणि शेवटी प्रत्यक्ष आजारासाठी. इंग्रजी वैद्यकात आजाराला डायबिटीस असा वेगळा शब्द आहे. आपण मात्र चारही गोष्टी एकाच शब्दावर भागवतो आणि वाचकाने त्यातला योग्य अर्थ ओळखावा अशी अपेक्षा धरतो.

शब्द इंग्रजी आहे म्हणून माझी तक्रार नाही, कारण मुळात तो आपल्याकडूनच तिकडे गेलेला आहे. संस्कृतात शर्करा म्हणजे बारीक खडे, वाळू. उसाचा रस आटवून त्याचे दाणे पाडता येऊ लागले, तेव्हा त्या दाण्यांनाही हेच नाव मिळाले. प्राकृतातल्या सक्करा या रूपावरून मराठीत साखर झाली, तर पश्चिमेकडे जाताना फारसीत शकर, अरबीत सुक्कर, मध्ययुगीन लॅटिनमध्ये सुक्कारुम आणि जुन्या फ्रेंचमध्ये सुक्र अशी रूपे घेत हा शब्द तेराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत पोहोचला. फ्रेंचमधला ‘क’ इंग्रजीत ‘ग’ झाला आणि पुढे आरंभीच्या ‘स’चा उच्चार ‘श’ होऊ लागला. लेखनात मात्र जुना एसच राहिला, म्हणून आपल्या शाळांतल्या मुलांना हे स्पेलिंग आजही अडते. गंमत अशी की, संस्कृतातला आरंभीचा ‘श’ वाटेत गळून गेला होता, तो इंग्रजीत निराळ्याच कारणाने पुन्हा आला.

याहून जुनी वाट ग्रीकांची आहे. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने भारतात आणि अरबस्तानात बोरूसारख्या वनस्पतीत मिळणाऱ्या, मिठासारख्या घट्ट आणि दाताखाली फुटणाऱ्या मधाचे वर्णन केले असून त्याला साक्खारोन म्हटले आहे. त्याच कुळातले सॅकरम हे नाव स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये उसाला दिले. पुढे १८७९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ रेमसन यांच्या प्रयोगशाळेत त्यांचे सहकारी फालबर्ग यांना डांबरजन्य रसायनांवर काम करताना एक अतिगोड पदार्थ सापडला, त्याचे नाव सॅकरिन पडले. त्यात साखरेचा कणही नाही, नावात मात्र शर्करा आहे. शब्दावरून पदार्थ ओळखता येतोच असे नाही, हे दाखवायला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

खंड या संस्कृत शब्दाचा प्रवासही असाच आहे. तो फारसीत कंद झाला, अरबीतून आणि फ्रेंचमधून इंग्रजीत जाऊन कँडी झाला, आणि फारसीतून आपल्याकडे परतला तो गुलकंदात: गुल म्हणजे गुलाब आणि कंद म्हणजे साखर.

सांगलीकरांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शब्द मात्र जॅगरी. गुळासाठीचा हा इंग्रजी शब्द पोर्तुगिजांमार्फत आला आणि त्यांनी तो मलबारच्या किनाऱ्यावर घेतला. तिथल्या चक्करा या शब्दाचे मूळ पुन्हा शर्कराच. म्हणजे शुगर आणि जॅगरी हे दोन शब्द सख्खे आहेत, आणि ज्या पदार्थांना ते लावले जातात तेही फार दूरचे नाहीत. हे सांगण्याचे कारण असे की, सांगली–मिरज रस्त्यावर एका चहाच्या गाड्यावर मी ‘शुगर असणाऱ्यांसाठी खास गुळाचा चहा’ अशी पाटी पाहिली. गाडेवाल्याच्या मनात फसवणूक नव्हती, असे मला त्याच्याशी बोलल्यावर वाटले. त्याचा सरळ समज होता की, आजाराचे नाव शुगर, तेव्हा वर्ज्य ती शुगर, आणि गूळ म्हणजे काही शुगर नव्हे. तिथे चहा घेणाऱ्या एका वयस्कर गृहस्थांनीही मला हेच सांगितले, आणि त्यांच्या हातात दुसरा कप होता.

वस्तुस्थिती अशी आहे की, गुऱ्हाळात आणि कारखान्यात एकच रस येतो. कारखान्यात तो शुद्ध करून, आटवून त्याचे दाणे पाडतात, ते यंत्रात गरगर फिरवून मळीपासून, म्हणजे उरलेल्या काळसर पाकापासून, वेगळे काढतात आणि चाळून एस-३०, एम-३० अशा प्रतींत पोत्यांत भरतात. गुऱ्हाळात गुळव्या काहिलीत उकळत्या रसावर येणारा फेसाळ मळ वरच्या वर काढून टाकतो, पण आटलेला रस सगळाच वाफ्यात ओततो, त्यामुळे गुळात लोह आणि इतर क्षार थोडेफार उरतात, हे खरे आहे. तरीही गुळाचा बहुतांश भाग सुक्रोजच असतो, म्हणजे साखर ज्याची असते तेच, आणि उरलेल्यात ग्लुकोज व फ्रुक्टोज असतात. गुळाविषयी मला आकस नाही. आमच्या भागाची ती ओळख आहे. परंतु मधुमेह्याच्या रक्तात गेल्यावर गूळ निराळा वागत नाही, हे वृत्तपत्राने निःसंदिग्धपणे छापायला हवे.

रसायनशास्त्रात शुगर हा शब्द अनेकवचनी वापरला जातो. ग्लुकोज, फ्रुक्टोज, सुक्रोज, दुधातले लॅक्टोज आणि धान्याला मोड येताना तयार होणारे माल्टोज या सगळ्या शुगर्स आहेत. म्हणूनच साध्या दुधाच्या पिशवीवर शंभर मिलिलिटरला चार-पाच ग्रॅम शुगर छापलेली दिसते आणि ग्राहक डेअरीवाल्यावर भेसळीचा संशय घेतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार एकूण शुगर आणि वरून घातलेली शुगर वेगवेगळी दाखवावी लागते, आणि २०१८ च्या दाव्यांविषयीच्या नियमांनुसार १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमहून अधिक शुगर नसेल तरच ‘शुगर फ्री’ असे म्हणता येते. यातली अडचण अशी की, मैदा, स्टार्च किंवा स्टार्चपासून केलेली माल्टोडेक्स्ट्रिन ही भुकटी हे पदार्थ शुगरच्या व्याख्येत बसत नाहीत, पण पोटात गेल्यावर त्यांचे ग्लुकोजच होते. ‘शुगर फ्री’ बिस्किटे निर्धास्तपणे खाणारा मधुमेही नियमाने फसवला गेलेला नसतो. एका शब्दाचे दोन अर्थ त्याला कोणी समजावून सांगितलेले नसतात, एवढेच.

आजारापुरते बोलायचे तर आपल्याजवळ मधुमेह हा नेमका आणि प्राचीन शब्द आहे. सुश्रुताच्या ग्रंथात मधासारख्या मूत्राचा हा विकार वर्णिला आहे. युरोपात थॉमस विलिस या इंग्रज वैद्यांनी सतराव्या शतकात मूत्राची गोडी नोंदवली आणि १७७६ मध्ये मॅथ्यू डॉब्सन यांनी ती गोडी शर्करेची असल्याचे दाखवून रक्तद्रवही गोड असल्याचे नोंदवले. ‘त्यांना शुगर आहे’ ही बोलण्यातली पद्धत मी बदलू पाहत नाही. दवाखान्यात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत लोक तसेच बोलणार आणि त्यात गैर काही नाही. छापील मजकुराची जबाबदारी मात्र वेगळी आहे.

ती किती गंभीर आहे, हे एका प्रसंगात दिसते. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्या माणसाला जेवणाची वेळ टळली की दरदरून घाम फुटतो, हात थरथरतात, बोलणे असंबद्ध होते. रक्तातले ग्लुकोज दर डेसिलिटरला (१०० मिलिलिटरला) ७० मिलिग्रॅमच्या खाली गेल्याची ही लक्षणे असू शकतात. माणूस शुद्धीवर असेल तर त्याला त्याच क्षणी सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची आणि १५ मिनिटांनी रक्त पुन्हा तपासायचे असते; शुद्ध हरपली असेल तर तोंडाने काहीही न देता तातडीने दवाखाना गाठायचा असतो. आमच्या शेजारच्या घरात अशा वेळी ‘त्यांना शुगर आहे, साखर देऊ नका’ असे म्हणून भरलेला पेला बाजूला ठेवलेला मी पाहिला आहे. दुसऱ्या कोणी ‘शुगरच्या गोळ्या’ द्या म्हटले, तर घरातल्यांना मधुमेहाच्या गोळ्या आठवल्या, आणि त्या वेळी त्या दिल्या असत्या तर अनर्थच झाला असता. चहात घालायच्या कृत्रिम गोड गोळ्यांनाही लोक शुगरच्या गोळ्याच म्हणतात, आणि त्यांनी रक्तातले ग्लुकोज मुळीच वाढत नाही.

तेव्हा माझी विनंती मर्यादित आहे. आजारासाठी मधुमेह, तपासणीतल्या आकड्यासाठी रक्तशर्करा, वाण्याकडच्या वस्तूसाठी साखर आणि पुड्यावरच्या आकड्यासाठी एकूण शर्करा, असे चार शब्द आपल्या आरोग्यपानावर ठरवून वापरावेत. ‘शुगर’ शब्द लेखकाला ठेवायचाच असेल, तर त्याचा अर्थ पहिल्याच उल्लेखात द्यावा. मधुमेहावरील लेखासोबत एक लहान चौकट टाकून, रक्तशर्करा एकदम उतरली तर साखर केव्हा आणि किती द्यावी, आणि केव्हा देऊ नये, हे तज्ज्ञ डॉक्टरांकडून तपासून घेऊन ठळक अक्षरांत छापावे.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
विश्रामबाग, सांगली