हात कोणी दाखवायचा?

प्रिय शरद,

सप्रेम नमस्कार.

माझी प्रकृती ठीक आहे, गुडघा होता तसाच आहे. तो विषय इथेच संपवतो. ड्रमर आणि संगीतकार जॉन हॉलनबेकच्या लार्ज एन्सेंबलचा, म्हणजे त्याच्या मोठ्या जॅझ बँडचा, ‘ऑल कॅन वर्क’ हा २०१८ सालचा अल्बम मी ऐकला आणि त्याने माझी जी पंचाईत करून ठेवली आहे, ती तुझ्याखेरीज कोणाला कळणार नाही. नानाला ऐकवून पाहिले, तर त्याने नेहमीप्रमाणे “ड्रमचा सोलो कधी येतो?” एवढेच विचारले.

शीर्षक रचना लॉरी फ्रिंक यांच्या स्मरणार्थ आहे. त्या याच बँडमध्ये ट्रंपेट वाजवत, न्यूयॉर्कमधल्या कित्येक ट्रंपेटवादकांच्या गुरू होत्या आणि २०१३ मध्ये गेल्या. हॉलनबेकने शब्द घेतले ते त्यांच्या छोट्या, कामापुरत्या ईमेलमधून, आणि ते गायक थिओ ब्लेकमनच्या तोंडी दिले. ज्या मजकुराकडे आपण वाचून दुर्लक्ष करतो, त्यातून शोकगीत उभे राहते आणि तेही गळा न काढता. त्याच अल्बमवर क्राफ्टवर्क या जर्मन इलेक्ट्रॉनिक बँडचे ‘द मॉडेल’ आणि जॅझ ट्रंपेटवादक केनी व्हीलरचे ‘हेयोके’ सुखाने शेजारी नांदतात, हे वाचून तू नाक मुरडशील. आधी ऐक, मग मुरड.

ड्रमरने संगीत लिहिले तर त्यात मोजणी असेल, सूर नसेल, असे तू म्हणाला होतास आणि त्यावरून आपण बरेच दिवस बोलत नव्हतो. इथे मोजणी आहेच, पण ती त्याने ड्रमसेटपुरती न ठेवता क्लॅरिनेट, व्हायब्राफोन आणि मानवी आवाज यांच्यात वाटून टाकली आहे, त्यामुळे ताल कोण धरून आहे हे चटकन सांगता येत नाही. वाद तू हरलास, असे मी म्हणत नाही. पण जिंकलाही नाहीस.

आता माझी अडचण. आपल्या बँडसाठी लिहीत असलेली रचना पूर्ण झाली, सर्वांचे पार्ट उतरवून झाले, फक्त माझे, म्हणजे ड्रमचे, पान कोरे आहे. बिग बँडमध्ये ड्रमरच्या पानावर बहुधा तिरक्या रेघा असतात, ब्रास, म्हणजे ट्रंपेट-ट्रॉम्बोन, कुठे ठोकणार ते वर बारीक नोंदलेले असते आणि बाकीचे त्याच्या कानावर सोडलेले असते, हे तू जाणतोसच. तेवढे मी माझ्यासाठी लिहूनही काढीन. पण सात मात्रांच्या तालावरून पाच मात्रांच्या तालावर जाताना टेम्पो सैल होतो, तिथे ट्रॉम्बोनना इशारा कोणी द्यायचा? माझे दोन्ही हात आणि दोन्ही पाय गुंतलेले असतात. तालमीत मी मान हलवली, तर पहिल्या ट्रंपेटने तो इशारा समजून फुंकले आणि ट्रॉम्बोनवाल्याने ती दाद समजून प्रसन्नपणे हसून पाहिले.

जुन्या काळचा ड्रमर चिक वेब न्यूयॉर्कच्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये उंच चौथऱ्यावरच्या ड्रममागून अख्खा बँड हाकत असे, हे तू सांगशीलच. पण ते नाचाचे संगीत होते. एकदा धरलेली लय शेवटपर्यंत सर्वांना पुरत असे. १९६६ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅन्गार्ड या जॅझ क्लबमध्ये सुरू झालेल्या बँडमध्ये मेल लुईस ड्रमवर आणि थॅड जोन्स कंडक्ट करायला समोर उभा, अशी विभागणी होती. थॅड डेन्मार्कला निघून गेल्यावर संगीतकार बॉब ब्रुकमायरने मेलच्या बँडसाठी लिहिले आणि हॉलनबेक त्याच ब्रुकमायरकडे शिकला. हॉलनबेकने तर प्रश्न सरळच सोडवला आहे: तो स्वतः ड्रमवर बसतो आणि समोर जे. सी. सॅनफर्ड कंडक्ट करतो. मी लिहिलेल्या संगीतावर दुसऱ्याने हात फिरवायचा, हे मला सोसेल का, याच विचाराने माझी झोप उडाली आहे. समोर कोणी उभा राहिलाच, तर तो माझ्याशी भांडू शकणारा हवा. नुसता मान डोलावणारा नको.

नव्या घरात बस्तान बसले असेल. वहिनींना नमस्कार, धाकटीच्या निकालाचे काय झाले ते कळव.

स्कोअर सोबत पाठवत आहे. सातव्या पानावर टेम्पो चुकला आहे असे तुला वाटेल. तो मी जाणूनबुजून तसा ठेवला आहे, तेवढा सोडून बाकी कुठेही पेन्सिल चालव. समोर उभा राहणार असशील तर पुढच्या तालमीआधी कळव, म्हणजे ड्रमचे पान मी त्या हिशेबाने लिहीन.

तुझा,
वसंत