आधी आंडेर आणि आंडोर शिकवा

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण,
तथा प्र-कुलपती, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ, नाशिक

महोदय, नमस्कार.

खानदेशातल्या एका सरकारी रुग्णालयात परिचारिका म्हणून नोकरी करून मी निवृत्त झाले. सलाइन लावली, इंजेक्शनं दिली, आणि ड्युटी लिस्टमध्ये कधीच न लिहिलेलं एक काम रोज केलं, दुभाषाचं.

साक्रीकडची एक भिल्ल आजी ओपीडीत आली होती. सिकलसेलचा, म्हणजे घराण्यात चालत येणाऱ्या रक्ताच्या आजाराचा संशय होता, म्हणून इंटर्न घरच्या सगळ्यांची माहिती विचारत होता. लातूरकडचा पोरगा, कामाला चोख. आजी म्हणाली, “मनी आंडेरना हातपाय दुखतस.” त्यानं केसपेपरवर लिहिलं, ‘मुलगा, सांधेदुखी’, आणि मुलाला सोल्युबिलिटी टेस्टला, म्हणजे सिकलसेलच्या रक्ततपासणीला, घेऊन यायला सांगितलं. आमच्याकडे अहिराणीत आंडोर म्हणजे मुलगा आणि आंडेर म्हणजे मुलगी. एका कान्याचा फरक! पुढच्या आठवड्यात आजीचा धडधाकट मुलगा मजुरी बुडवून हजर. जिचे हातपाय दुखत होते ती लेक सासरीच. तो इंटर्न माझ्याकडे बघत राहिला. त्याला काय बोलणार? त्याला हे कोणी शिकवलंच नव्हतं.

२०१९ पासून एमबीबीएसच्या सुरुवातीला जो फाउंडेशन कोर्स असतो, त्यात स्थानिक भाषा आहे. कागदावर फार चांगली गोष्ट. पण स्थानिक म्हणजे मराठी, असं धरून चालतात. परराज्यातून आलेल्या मुलांना तेवढाही आधार होतो, हे खरं. पण धडगाव, अक्कलकुव्याहून आलेल्या पेशंटच्या तोंडी पावरी नाहीतर भिली असते, धुळे-जळगावच्या खेड्यात अहिराणी. जळगावला २०१८ मध्ये आणि नंदुरबारला २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघालं, धुळ्याचं त्याच्या कितीतरी आधीचं. तिन्ही ठिकाणी बाकी सगळं शिकवतात, समोरच्या पेशंटची बोली तेवढी राहून जाते.

अभ्यासक्रम दिल्लीहून ठरतो, असं उत्तर येईल. पण परीक्षा नाशिकचं विद्यापीठ घेतं ना! प्रॅक्टिकलच्या दिवशी वॉर्डात काय चालतं ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. लाँग केस, म्हणजे सविस्तर तपासायचा पेशंट, मिळालेलं पोरगं पडद्याआडून कुजबुजतं, “सिस्टर, आजोबा काय म्हणतायत सांगा ना.” मी सांगते, ते लिहितं, परीक्षक त्या हिस्टरीला, म्हणजे पेशंटकडून घेतलेल्या माहितीला, मार्क देतात. ते मार्क अर्धे माझे, नाहीतर वॉर्डातल्या मावशींचे.

माझं मागणं एवढंच आहे. खानदेशातल्या महाविद्यालयांत त्या फाउंडेशन कोर्समध्ये अहिराणी, पावरी, भिली घ्या. कुठे दुखतं, कधीपासून, लघवीला जळजळ होते का, पाळी कधी आली, बाळ पोटात हलतं का, एवढे प्रश्न आणि त्यांची येणारी उत्तरं. शिकवायला प्राध्यापक लागत नाहीत. आशाताई शिकवतील, वॉर्डबॉय शिकवतील. आणि प्रॅक्टिकलला परीक्षकांनी दोन प्रश्न पेशंटच्या बोलीत विचारायला लावावेत. मार्क ठेवल्याशिवाय मुलं काही शिकत नाहीत, हे तुम्हालाही ठाऊक आहे. बीएस्सी नर्सिंगलाही हेच लागू करा. तीही याच विद्यापीठात येते आणि पेशंटजवळ जास्त वेळ नर्सच असते.

एमबीबीएस झाल्यावर सरकारी सेवेच्या बाँडचं एक वर्ष ही मुलं सातपुड्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात येतात. पहिले सहा महिने खाणाखुणांत जातात. बोली कानाला लागते तोवर बदलीची वेळ.

विद्यापीठ आणि नंदुरबार जिल्हा, दोघांचा जन्म १९९८ चा. नाशिकहून धडगावला जायला अख्खा दिवस लागतो, म्हणून कदाचित ओळख व्हायची राहिली असेल.

शिकवायला माणूस मिळत नाही असं कोणी म्हणालं तर मी यायला तयार आहे. मानधन नको. एसटीत आम्हा बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा भाड्याचाही प्रश्न नाही.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, खानदेश