कॅमेरा मोड्यूलचे बोर्ड करायला नाशिकमध्ये शिकता यावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केंद्र सरकारने मार्च 2025 मध्ये मंजूर केलेल्या 22,919 कोटी रुपयांच्या इलेक्ट्रॉनिक्स सुटे भाग उत्पादन योजनेत कॅमेरा मोड्यूल (मोबाइलमध्ये असतो तसा भिंग आणि सेन्सरचा छोटा संच) आणि लवचिक सर्किट बोर्ड या दोन्हींचा समावेश आहे. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमध्ये तिची चर्चा माझ्या कानावर येते, ती अनुदान आणि यंत्रांची. बोर्ड आखणारी आणि जोडणारी माणसे कुठून आणायची, हे मात्र कोणी बोलत नाही.

मी अंबडच्या एका लहान कारखान्यात पीसीबी लेआउटचे, म्हणजे सर्किट बोर्डावरील भाग आणि जोडण्या आखण्याचे, काम करतो. आमच्या पहिल्या कॅमेरा बोर्डावर दिवसा चित्र स्वच्छ दिसे, पण दिवेलागणीला त्यावर आडव्या रेघा उमटत. चित्र टिपणारा सेन्सर बदलून पाहण्यात तीन आठवडे गेले. चूक माझीच होती: सेन्सरच्या 2.8 व्होल्टच्या अ‍ॅनालॉग वीजपुरवठ्यात शेजारच्या स्विचिंग रेग्युलेटरचा (वेगाने चालू-बंद होऊन व्होल्टेज बदलणाऱ्या भागाचा) नॉइज, म्हणजे नको असलेली विद्युत चढउतार, शिरत होता, आणि उजेड कमी झाला की सेन्सर गेन (संकेत मोठा करण्याचे प्रमाण) वाढवतो, तेव्हा तो नॉइजही वाढून चित्रात येत होता. त्या पुरवठ्याला स्वतंत्र लिनिअर रेग्युलेटर (चालू-बंद न होता व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) दिला, कपॅसिटर सेन्सरच्या पिनांलगत आणले, तेव्हा रेघा गेल्या.

या कामात अशा अनेक जागा आहेत. डिफरन्शियल पेअर (एकच संकेत नेणाऱ्या तारांच्या जोड्या) 100 ओहमच्या आणि सारख्या लांबीच्या ठेवाव्या लागतात, लवचिक पट्टी जिथे दुमडते तिथे व्हाया (बोर्डाचे थर जोडणारे बारीक छिद्र) चालत नाही, कपॅसिटर 0.6 बाय 0.3 मिलिमीटरचे असतात; आणि उघड्या सेन्सरवर धुळीचा कण बसला, तर प्रत्येक चित्रात ठिपका येतो.

आमच्याकडे येणारी डिप्लोमाची मुले हुशार आणि कष्टाळू असतात, परंतु त्यांनी लांब पायांचे सुटे भाग हाताने सोल्डर केलेले असतात. बोर्डावरील सोल्डर वितळवून भाग जोडणाऱ्या रिफ्लो ओव्हनचा तापमान-आलेख बहुतेकांनी पाहिलेलाही नसतो. यात त्यांचा दोष नाही, कारण तशी यंत्रे त्यांच्या हाती कधी आलीच नाहीत.

उद्योजक संघटना, तंत्रनिकेतने आणि आयटीआय यांनी मिळून सातपूर किंवा अंबडमध्ये एक सामायिक केंद्र उभारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. बोर्डावर भाग मांडणारे पिक अँड प्लेस यंत्र, रिफ्लो ओव्हन, तपासणीचा मायक्रोस्कोप आणि धूळमुक्त खोली एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. तिथे आठवड्यातील एक संध्याकाळ विनामूल्य शिकवायला मी तयार आहे. रेघा उमटणारा तो बोर्ड मी जपून ठेवला आहे. मुलांना पहिल्या दिवशी तोच तपासायला देईन.

आपला,
एक पीसीबी डिझायनर, अंबड, नाशिक