पांढरी सातचा सा आणि आर्वो पॅर्ट

प्रिय सुहास,

आर्वो पॅर्ट या एस्टोनियन संगीतकाराची पियानोसाठीची रचना ‘फ्युर अलीना’ पेटीवर वाजवून पाहिलीस, सूर बरोबर लागले, पण सगळं कोरडं वाटलं असं लिहितोस. वाटणारच. त्या रचनेतला निम्मा आवाज कोणी वाजवतच नाही, तो आपोआप येतो, आणि पेटीवर तो यायला वाव नाही.

पियानोवर सुरुवातीलाच खर्जात पांढरी सातचा (सप्तकातल्या सातव्या पांढऱ्या पट्टीचा) सा वाजतो आणि पायाखालचं पेडल दाबलेलं राहतं. पेडल दाबलं की तारांना गप्प ठेवणारे लोकरीचे तुकडे वर उचलले जातात आणि पियानोच्या साऱ्या तारा सतारीच्या तरफांसारख्या मोकळ्या होतात. पुढे वर जे काही वाजतं, त्याला त्या झंकारून साथ देतात. पेटीची पट्टी सोडली की सूर तिथेच संपतो. त्यामुळे तंबोरा लाव, पांढरी सातला. पहिली तार पंचमाचीच ठेव, इथे ती चालते. भाता मात्र हलका ठेव.

आता नियम. उजव्या हातात आसावरी थाटाचे सूर (ग, ध, नि कोमल), पायरी-पायरीने सरकणारे, अधूनमधून उडी मारणारे. डाव्या हाताला फक्त तीन सूर मोकळे: सा, कोमल ग, प. म्हणजे पांढरी सात, पांढरी दोन, काळी तीन. उजवीकडे जो सूर येईल, त्याच्या खालचा, या तिघांपैकी सर्वांत जवळचा सूर डावीकडे त्याच क्षणी वाजवायचा. रे किंवा ग आला तर सा. म किंवा प आला तर ग. ध किंवा नि आला तर प. आणि सा आला तर खालचा प. तुझी चूक बहुधा इथेच होत असणार. उजवीकडे सा आला की डावीकडेही सा लावायचा मोह होतो, पण दोन्ही हातांत एकच सूर कधीच येत नाही. प आणि कोमल ध एकत्र येतात तिथे आवाज खुपतो. ती जागा घाईने उरकू नकोस, सगळी गंमत तिथेच आहे.

लांबीचाही हिशेब आहे. एकूण 15 माप, म्हणजे स्वरलिपीत उभ्या रेघांनी पाडलेले तुकडे. पहिल्यात नुसता खर्ज, मग दोन सूर, तीन, चार, असं आठपर्यंत चढायचं आणि मग उतरायचं. मापातला शेवटचा सूर लांब. किती लांब, ते वाजवणाऱ्याने ठरवायचं, ताल नाही. उतरताना अकराव्या मापात एकदा डाव्या हातात नियम मोडून काळी एक येते. स्वरलिपीत त्या जागी पॅर्टने छोटंसं फूल काढलंय. इतक्या कडक हिशेबात एकच सूट, आणि तिच्यावर फूल!

या पद्धतीला तो ‘टिंटिनाबुली’ म्हणतो, लॅटिनमध्ये छोट्या घंटा. दोन आवाज मिळून एकच होतात, म्हणून त्याची बायको नोरा हिने याचं सूत्र केलंय: 1 + 1 = 1.

हे 1976 सालचं. तोवर त्याने बरंच काही करून टाकून दिलं होतं. जन्म 1935 चा, एस्टोनियातल्या पाइदे गावी, बालपण राकवेरेत. घरच्या पियानोचा मधला भाग बिघडलेला, त्यामुळे पोरगं दोन टोकांवरच वाजवायचं. ‘फ्युर अलीना’तही मध्य मोकळाच आहे, खाली खर्ज आणि वर दोन हात! पण एवढ्यावरून निष्कर्ष काढणं मला अंमळ सोपं वाटतं. राजधानी टॅलिनच्या संगीत महाविद्यालयात संगीतकार हाइनो एलरकडे शिकला आणि 1958 ते 1967 एस्टोनियन रेडिओत ध्वनिमुद्रणाचं काम केलं. 1960 च्या ‘नेक्रोलॉग’ या रचनेत बारा सुरांची पद्धत वापरली (सप्तकातले बाराही सूर सारख्याच मानाचे, सा असा कोणी नाही), तर सोव्हिएत अधिकाऱ्यांच्या लेखी ती पाश्चात्त्य विकृती; एस्टोनिया तेव्हा सोव्हिएत संघात होता. 1968 मध्ये ‘क्रेडो’. त्यात जुन्या जर्मन संगीतकार बाखचा एक साधा प्रेल्यूड (छोटी रचना) घेऊन तो हळूहळू गोंगाटात बुडवला आणि पुन्हा वर काढला. वाद्यवृंद-संचालक नेमे यार्वीने टॅलिनमध्ये ‘क्रेडो’ सादर केला. पण लॅटिन शब्दांत ख्रिस्तावरची श्रद्धा उघड म्हटलेली, त्यामुळे रचनेवर बंदी आली. त्यानंतरची आठ वर्षं जवळजवळ गप्प. मधे 1971 ची तिसरी सिंफनी, पोटासाठी सिनेमांचं संगीत, आणि बाकी वेळ चर्चमधलं जुनं, एकाच ओळीचं ग्रेगोरियन गायन वहीत उतरवत बसणं. नवीन सूर सापडण्याआधी त्याने एकाच ओळीची रचना लिहायचा सराव केला, हे विसरू नकोस. 1980 मध्ये कुटुंबासह देश सोडावा लागला. आधी व्हिएन्ना, मग बर्लिन. 2010 मध्ये परतला.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, पॅर्टच्याच ‘कॅन्टस’बद्दलच्या. 1977 ची, गजाने वाजवायच्या तंतुवाद्यांची रचना, इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या स्मरणार्थ. पांढरी सहाचा सा धरलास तर फक्त पांढऱ्या पट्ट्या लागतात. ओळ एकच, वरून खाली येणारी: सा, मग सा नि, मग सा नि ध, दर खेपेला एक सूर वाढत. पहिली व्हायोलिन सुरू करते. दुसरी तीच ओळ एक सप्तक खाली, निम्म्या वेगाने. व्हिओला आणखी निम्म्या, मग चेलो, मग डबलबास. म्हणजे बासला एका सुरासाठी जेवढा वेळ लागतो, त्यात पहिली व्हायोलिन 16 वाजवते. ज्याचं खालच्या सुरावर पोचणं झालं, तो तिथेच थांबून सूर धरून ठेवतो. बिघडतं कुठे? सगळ्यांनी एकाच वेळी गज फिरवला की त्या धरलेल्या भिंतीला चीर पडते. त्यामुळे गज आळीपाळीनेच बदलावे लागतात.

सुरुवातीपासून अधूनमधून वाजणारी एक घंटा आहे, तीही पांढरी सहाचीच. शेवटी सगळे जोरात वाजवत असताना ती अगदी हळू वाजवतात, म्हणून कोणालाच ऐकू येत नाही. वाद्यं एकदम थांबतात तेव्हा कळतं की ती केव्हापासून घुमतेय. त्या घुमण्यात शुद्ध गंधाराचा पुसट भास होतो, कोमल गंधाराने भरलेल्या रचनेनंतर. स्पीकरवर ऐकू येणार नाही. हेडफोन लाव, आवाज वाढवून ठेव आणि वाद्यं थांबल्यावर निदान वीस सेकंद बटणाला हात लावू नकोस.

तुझा,
विनय