सूचना : डोळे तपासायला जाण्याआधी
ज्येष्ठ सभासदांनो, आयुष्मान वय वंदना कार्ड (आयुष्मान भारत योजनेतलं ज्येष्ठांसाठीचं मोफत उपचारांचं कार्ड; वय 70 पूर्ण, उत्पन्नाची अट नाही) काढलं असेल तर हे जरूर वाचा. नुसती डोळ्यांची तपासणी आणि चष्मा या कार्डात बसत नाही. चष्म्याचा नंबर काढायचा असेल तर सरळ जिल्हा रुग्णालयाचा नेत्रविभाग गाठा. मोतीबिंदूचं ऑपरेशनही तिथे मोफत होतं.

खाजगी दवाखान्यात ऑपरेशन करायचं असेल तर दारावरच्या 'आयुष्मान' बोर्डावर विसंबू नका. तिथला नेत्रविभाग योजनेत आहे का, हे 14555 या योजनेच्या हेल्पलाइनवर आधी विचारा. गेल्यावर पहिल्यांदा आरोग्यमित्राला (दवाखान्यात योजनेचं काम पाहणाऱ्या मदतनीसाला) भेटा, आधार आणि कार्ड दाखवा. योजनेची मंजुरी येण्याआधी पैसे भरू नका, कुणी कितीही घाई केली तरी.

आणि कृपया एकट्याने जाऊ नका. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास धूसर दिसतं, जिना उतरताना पायरी कळत नाही. सोबतीला कुणी नसेल तर ग्रुपवर सांगा, आपल्यापैकी कुणीतरी येईल.